आयुष्याची दहा गाणी : दहाव्या पायदानापासून पहिल्यापर्यंत

बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागली की घराघरांतील बोलणी थांबत. साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना ही आठवण करून द्यावी लागणार नाही. 1952 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात पुढे गाण्यांची क्रमवारी लावली जाऊ लागली. अमीन सयानी यांच्या आवाजाचे बोट धरून गाणी एकेक पायदान वर चढत आणि वर्षअखेरीस सर्वांत वर कोणते गाणे विराजमान होणार, याची चर्चा चाळीच्या गॅलरीपासून कचेरीपर्यंत रंगत असे.

ती क्रमवारी अवघ्या देशाच्या आवडीची होती. स्वतःच्या आवडीची क्रमवारी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी लावली असेल. बीबीसीवर 1942 पासून चालत आलेल्या एका कार्यक्रमात पाहुण्याला विचारले जाते, की निर्जन बेटावर एकट्याने राहण्याची वेळ आली, तर सोबत कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका न्याल? प्रश्न खेळकर आहे. पण उत्तर देता देता माणूस आपले सारे आयुष्य सांगून जातो.

हाच खेळ आपण आपल्या घरी खेळावा, असे या लेखात सुचवायचे आहे. आपण स्वतःची दहा गाणी निवडावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांकडूनही त्यांची दहा गाणी निवडून, लिहून घ्यावीत. त्यामागे करमणुकीहून मोठे कारण आहे. भारतात साठ वर्षांवरील सुमारे 88 लाख व्यक्तींना, म्हणजे त्या वयोगटातील 7.4 टक्के लोकांना, स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीवरून मांडण्यात आला. अशा घरांमध्ये एक दिवस असा येतो, की आईला किंवा वडिलांना काय ऐकायला आवडते, हे त्यांना विचारून कळण्याची वेळ निघून गेलेली असते. ती वेळ हातात आहे तोवर हा प्रश्न विचारायला हवा.

गाणे मेंदूत कोठे राहते?

नातवाचे नाव आठवत नाही, सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नाही. पण कोणी अभंगाची पहिली ओळ म्हटली की पुढच्या चार ओळी ओठांवर येतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या बाबतीत हा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. तो चमत्कार नव्हे. गाण्यातील शब्द, चाल, ताल, ते गाताना होणारी ओठांची व हातांची हालचाल आणि त्यासोबतची भावना यांची नोंद मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी होत असते. त्यामुळे एक वाट बुजली तरी दुसऱ्या वाटेने गाण्यापर्यंत पोहोचता येते.

युरोपातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले, की दीर्घकाळ परिचित असलेल्या संगीताची स्मृती मेंदूच्या ज्या भागांशी निगडित आहे, त्यांची झीज अल्झायमर आजारात इतर भागांच्या मानाने बरीच उशिरा होते. ब्रिटिश संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग यांचे उदाहरणही वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. 1985 मध्ये मेंदूच्या विषाणुसंसर्गामुळे त्यांची नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. काही क्षणांपूर्वी घडलेलेही त्यांना आठवत नसे. तरीही पियानो वाजवणे आणि गायकवृंदाचे संचालन करणे त्यांना जमत राहिले.

आवडीच्या गाण्याचा लाभ केवळ स्मृतिभ्रंशापुरता नाही. फिनलंडमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांना दोन महिने रोज स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकवण्यात आले. ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकणाऱ्या किंवा काहीच न ऐकणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत त्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता अधिक सुधारली व मनाची खिन्नताही कमी आढळली. येथे ‘स्वतःच्या आवडीचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्याने निवडलेले ‘शांत संगीत’ आपल्याला केवळ कंटाळवाणे वाटू शकते.

कोणत्या वर्षांतील गाणी शोधावीत?

वृद्ध व्यक्तीला आयुष्यातील आठवणी सांगायला सांगितल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. पहिली शाळा, पहिली नोकरी, लग्न, पहिले मूल अशा अनेक प्रथम गोष्टी याच काळात घडतात आणि त्या काळात कानांवर पडलेली गाणी त्यांच्यासोबत मनात रुजतात.

म्हणून हिशेब सोपा आहे. जन्मसालात प्रथम 10 आणि मग 30 मिळवावेत. आजींचा जन्म 1946 मधील असेल, तर 1956 ते 1976 या वर्षांतील गाणी आधी शोधावीत. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक मनोरंजक बाब दिसली. तरुणांना स्वतःच्या काळातील गाण्यांबरोबर आपल्या आईवडिलांच्या तारुण्यातील गाणीही जवळची वाटत होती. घरात लागलेल्या गाण्यांचा वारसा असा नकळत पुढे जातो. तेव्हा आजींच्या यादीत त्यांच्या वडिलांच्या आवडीचे एखादे नाट्यगीत आले, तर आश्चर्य वाटू नये.

दहा पायदाने

‘तुमचे आवडते गाणे कोणते?’ असे एकदम विचारले, की बहुतेकांना काहीच सुचत नाही. त्यापेक्षा खालच्या पायदानापासून, वेगवेगळ्या प्रकारच्या गाण्यांना स्पर्श करत वर जावे. पुढील क्रम केवळ वाट दाखवण्यापुरता आहे.

दहावे : शाळेतील गाणे. प्रार्थना, चालीवर म्हटलेली कविता, प्रभातफेरीतील समूहगीत. वर्ग, बाई, मैत्रिणी यांच्याविषयी बोलणे येथून सहज सुरू होते.

नववे : आकाशवाणीवरील सूर. वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली आकाशवाणीची परिचय-धून हे गाणे नव्हे. पण अनेकांच्या पहाटेचा तोच पहिला आवाज होता. ‘आपली आवड’ किंवा विविध भारतीवर ऐकलेले काही आठवते का, हेही विचारावे.

आठवे : कामाचे गाणे. जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी, पेरणी-मळणीची गाणी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. जाते घरातून गेले, तरी त्यावर बसलेल्या पिढीच्या खांद्यांना आणि कंठाला ती लय अजून आठवते. आपल्या आजींच्या ओव्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर मिळणार नाहीत. त्या त्यांच्याच आवाजात मोबाइलवर मुद्रित करून ठेवाव्यात.

सातवे : रंगभूमीचे गाणे. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने जी परंपरा सुरू केली, तिची पदे पुढे अनेक घरांत ग्रामोफोनवर घुमली. गावच्या जत्रेतील तमाशाची गवळण, दशावतारातील पद किंवा गोव्यातील तियात्रातील कांतार यांनाही येथे तितकाच मान आहे.

सहावे : भावगीत. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तील छप्पन्न गीतांपैकी कोणते अधिक जवळचे, एवढ्या एका प्रश्नावर सायंकाळ रंगू शकते. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचा स्वर ज्यांनी त्या काळी ऐकला, त्यांना त्या वेळचे घर आणि शेजारी यांच्यासह ते आठवते.

पाचवे : चित्रपटगीत. कोणत्या चित्रपटगृहात, कोणासोबत, किती आण्यांचे किंवा रुपयांचे तिकीट काढून पाहिले, हेही विचारावे. गाण्याइतकाच हा तपशील मोलाचा असतो.

चौथे : पाय थिरकवणारे गाणे. लावणी, कोळीगीत, भोंडला, झिम्मा-फुगडी, लेझीम, बँडवरची धून. शब्द विसरले, तरी टाळी बरोबर समेवर पडते. चालणे मंदावलेल्या व्यक्तीला ठेक्याच्या गाण्यासोबत पाऊल उचलणे सोपे जाते. कंपवाताच्या रुग्णांच्या व्यायामात तालाचा उपयोग याच कारणाने केला जातो.

तिसरे : मायेच्या माणसाचा आवाज. आईची अंगाई, वडिलांनी अंघोळीच्या वेळी म्हटलेली भूपाळी, पत्नी स्वयंपाक करताना गुणगुणत असे ते पद. सूर बरोबर होता की नाही, हे येथे गौण आहे.

दुसरे : श्रद्धेचे गाणे. अभंग, आरती, हरिपाठ, बुद्धवंदना किंवा वामनदादा कर्डकांची भीमगीते, ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भक्तिगीते. नात किंवा कव्वाली. वर्षानुवर्षे नेमाने म्हटलेले हे शब्द फार खोलवर पोहोचलेले असतात आणि अनेकदा सर्वांत शेवटपर्यंत टिकतात.

पहिले : हे पायदान रिकामे ठेवावे. ते गाणे कोणत्या प्रकारचे असेल, हे आपण सुचवू नये. नऊ गाण्यांपर्यंत गप्पा पोहोचल्या, की बहुधा ते आपोआप समोर येते. त्याविषयी सांगताना आवाज हलका होतो, नजर दूर जाते. आपण फक्त ऐकावे आणि लिहून घ्यावे.

यादी केवळ शीर्षकांची नको

वहीत प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : गाणे प्रथम कोठे ऐकले, ते ऐकताना कोण सोबत असे आणि ते ऐकल्यावर मन शांत होते की उल्हसित. तिसरी नोंद पुढे फार उपयोगी पडते. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेक व्यक्ती दिवस कलताना अस्वस्थ होतात. घरातच असूनही ‘मला घरी जायचे आहे’ म्हणतात. अशा वेळी, अस्वस्थता वाढण्यापूर्वीच, शांत करणारी दोन-तीन गाणी लावावीत. अंघोळीला किंवा व्यायामाला तयार करताना उल्हसित करणारी गाणी उपयोगी ठरतात.

मुले परगावी किंवा परदेशी आणि आईवडिलांजवळ पगारी मदतनीस, हे चित्र आज सर्वत्र दिसते. मदतनीस मराठी जाणणारी नसेल, तर ही यादी तिला समजेल अशा भाषेत लिहून, गाणी मोबाइलमध्ये क्रमाने भरून द्यावीत. परदेशातील वृद्धनिवासात राहणाऱ्या मराठी आजोबांजवळ कोणीही मराठी बोलणारे नसते, तेव्हा दिवसातून वीस मिनिटे कानांवर पडणारी मातृभाषा हीच त्यांची सोबत असते.

काही पथ्ये

गाणे लावून ‘ओळखा पाहू, हे कोणाचे?’ अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर न आल्याची खंत ज्येष्ठांच्या मनाला लागते. ‘हे तुमच्या कॉलेजच्या दिवसांतले गाणे ना?’ असे म्हणून आपणच दुवा द्यावा.

एका वेळी वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. दिवसभर चालू ठेवलेले संगीत गोंगाट होऊन बसते. त्या वेळी दूरदर्शन संच बंद असावा आणि गाण्यांच्या मध्ये जाहिराती येणार नाहीत, अशी व्यवस्था करावी. दवाखान्याच्या किंवा कर्जाच्या जाहिरातीने ज्येष्ठ गोंधळून जातात.

हेडफोन वापरत असल्यास आवाज मोबाइलच्या कमाल मर्यादेच्या 60 टक्क्यांहून कमी ठेवावा. गाणे ‘नको’ म्हणणाऱ्या व्यक्तीला कदाचित ते नीट ऐकूच येत नसेल. म्हणून श्रवणतपासणी करून घ्यावी आणि श्रवणयंत्राची बॅटरी पाहावी.

गाणे ऐकताना डोळ्यांत पाणी आले, तर लगेच बंद करण्याची घाई करू नये. हात हाती घेऊन शेजारी बसावे. मात्र चेहऱ्यावर भीती किंवा संताप दिसला, श्वास जोरात चालू लागला, तर गाणे थांबवावे आणि वहीत त्यापुढे खूण करावी. एखाद्या गाण्याशी मोठा आघात जोडलेला असू शकतो. ते आपल्याला कितीही आवडत असले तरी यादीतून काढून टाकावे.

आणि एक गोष्ट स्पष्ट असावी : संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. औषधे, रक्तदाब व मधुमेह यांवरील नियंत्रण, व्यायाम आणि डॉक्टरांचा सल्ला यांची जागा गाणे घेत नाही. ते दिवसातील काही वेळ सुसह्य करते आणि त्या वेळेत आपले माणूस आपल्याला पुन्हा भेटते.

आपली स्वतःची यादी

हे सारे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर आईवडील आले असतील. पण चाळिशी-पन्नाशीतील वाचकांनी स्वतःची यादीही आजच करावी. आपल्या आवडीची नोंद मोबाइलमधील ॲपमध्ये आहे, या भ्रमात राहू नये. आपण काय ऐकले हे ॲपला कळते. का ऐकले, ते गाणे ऐकताना कोणाची आठवण येते, हे त्याला कळत नाही. ते सांगणारे आपणच आहोत.

येत्या रविवारी दुपारची जेवणे झाल्यावर एक दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येकाला दोन पाने द्यावीत, अगदी दहा वर्षांच्या नातीलाही. वडीलधाऱ्यांपासून आरंभ करून दहाव्या पायदानाचा प्रश्न विचारावा. दहाही पायदाने एका बैठकीत भरलीच पाहिजेत असे नाही. दोन-तीन रविवार लागले तरी हरकत नाही. वही औषधांच्या डब्याजवळ, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी आणि दरवर्षी पाडव्याला एकदा उघडून पाहावी. क्रम बदललेले दिसतील. ते खोडून न टाकता शेजारी तारीख घालून नवा क्रम लिहावा.