दोन ग्राफिक्स कार्डं लावली तर गेम दुप्पट पळतो का? पैसे घालण्याआधी हे वाचा

कडोदरा (सुरत) : गेम अडकायला लागला की 'जुन्या बाजारातून अजून एक कार्ड आणून जोडू' असा विचार अनेक पोरं करतात. सुरत, कडोदरा पट्ट्यात कामाला आलेल्या खान्देशी घरांत हा खर्च महिन्याच्या पगारातूनच निघतो. म्हणून आधी हिशेब समजून घ्या.

एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणले, तर २००५ मध्ये क्रॉसफायर आले. यात दोन कार्डं बहुधा आळीपाळीने एकेक फ्रेम तयार करतात. पण मेमरीची बेरीज होत नाही. ८ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला साधारण ८ जीबीच मिळते. फ्रेम मागेपुढे झाल्या की चित्र झटके खाते. गेममध्ये सोयच नसेल तर दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

त्यात १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयचे नवे प्रोफाइल देणे थांबवले. आरटीएक्स ४० मालिकेच्या गेमिंग कार्डांवर तर ती जोडणीच नाही. त्यामुळे जुनं कार्ड विकून, पॉवर सप्लाय झेपतो का ते पाहून, एकच दमदार कार्ड घेणं परवडतं.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर मात्र फुकटात फरक पडू शकतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असे जा, गेम निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' करा. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डालाच लावलेली आहे ना, तेही बघा.