पिशवी कमरेच्या खालीच का?

प्रोस्टेटची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया साधारण तासाभराची. त्या तासाभरात रुग्णाभोवती सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर असा सगळा ताफा असतो. बहुतेकांची लघवीची नळी पुढच्या एक ते तीन दिवसांत रुग्णालयातच निघते. पण सगळ्यांचे तसे नसते. कर्करोगामुळे प्रोस्टेट पूर्ण काढली असेल तर नळी साधारण एक ते दोन आठवडे ठेवतात. अरुंद झालेला मूत्रमार्ग दुरुस्त केला असेल तर दोन-तीन आठवडेही. हे दिवस घरीच काढायचे असतात. तेव्हा ताफ्याच्या जागी असते सत्तरीतली बायको, नाहीतर सून, आणि डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ: ‘कॅथेटरची काळजी घ्यावी.’

कशी घ्यावी, हे त्या ओळीत नसते. शस्त्रक्रियेचा शेवटचा टप्पा घरच्यांवर सोपवायचा आणि त्यांना काही शिकवायचे मात्र नाही, असा हा प्रकार आहे. खरे तर नळी शरीरात काय करते एवढे समजले, तरी काळजीचे निम्मे नियम माणसाला आपोआप सुचतात.

आज जगभर वापरली जाणारी नळी अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. 1930 च्या दशकात त्यांनी तिला आजचे रूप दिले. त्याआधी नळी आत टिकवायची तर ती चिकटपट्टीने किंवा टाक्याने बाहेरून बांधावी लागे. फोलींनी नळीच्या आतल्या टोकाशीच फुगा बसवला. पेटंटची लढाई ते हरले, नाव मात्र त्यांचेच राहिले. या नळीत दोन मार्ग असतात. मोठ्यातून लघवी वाहते आणि बारीक मार्गाने फुग्यात साधारण 10 मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात. सलाइन भरत नाहीत, कारण मिठाचे स्फटिक जमून तो बारीक मार्ग बुजू शकतो आणि काढायच्या वेळी फुगा रिकामाच होत नाही. नळीच्या बाहेरच्या टोकावर 14, 16, 18 असा आकडा छापलेला दिसेल. पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारे जोसेफ शारिएर यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेले हे माप आहे. आकड्याला तिनाने भागले की नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. म्हणजे 16 क्रमांकाची नळी सव्वापाच मिलिमीटरहून किंचित जाड.

फुगा मूत्राशयाच्या तळाशी, त्याच्या सर्वांत संवेदनशील भागावर टेकलेला असतो. त्यामुळे मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूकडे जातो आणि पिशवीत लघवी नीट उतरत असतानाही रुग्ण म्हणतो, ‘मला लघवीला जायचंय.’ घरचे म्हणतात, ‘अहो, नळी आहे ना!’ तरी तो कुंथतो, मूत्राशयाचे स्नायू आवळतात, कळ येते आणि नळीच्या कडेने लघवी गळते. मग रात्री दोन वाजता रिक्षाची शोधाशोध. अशा वेळी आधी एकच गोष्ट पाहायची: पिशवीत लघवी येते आहे का? येत असेल तर ही बहुधा फुग्यामुळे उठणारी कळ आहे. कुंथायचे नाही. डॉक्टर त्यावर औषध देतात. पिशवीत थेंबही नाही आणि कडेने गळते आहे, ओटीपोट तट्ट फुगले आहे, तर मात्र नळी गुठळीने तुंबलेली असू शकते आणि तेव्हा रिक्षा शोधायलाच हवी. पोट साफ होण्याचे औषध या दिवसांत देतात त्यामागेही कारण आहे. मळाने भरलेले आतडे शेजारच्या मूत्राशयावर दाब देते आणि लघवीचा प्रवाह अडतो.

आता पिशवी. मूत्राशयातली लघवी पिशवीत ओढणारा कुठलाही पंप नसतो, सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. पिशवी मूत्राशयापेक्षा खाली असेल तरच लघवी उतरते. वर गेली तर नळीत साठलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते. बहुतेक पिशव्यांना उलटा प्रवाह रोखणारी झडप असते, पण ती पिशवीच्या तोंडाशी. नळीतल्या लघवीला ती रोखू शकत नाही. सूचना अशी असते, की पिशवी खाटेच्या कडेला अडकवा. ज्या घरात जमिनीवर गादी टाकून झोपतात तिथे काय करायचे, हे क्वचितच कोणी सांगते. चार इंचांच्या गादीवर झोपलेल्या माणसाचे मूत्राशय आणि शेजारी ठेवलेली पिशवी जवळजवळ एका पातळीत येतात. नळी आहे तोवर तरी रुग्णाला खाटेवर किंवा बाजेवर झोपवणे, हाच त्यावरचा साधा उपाय. पिशवी जमिनीला टेकू नये म्हणून ती अडकवून ठेवावी किंवा स्वच्छ टबात ठेवावी. एसटीने घरी जाताना लाजेपोटी शालीखाली मांडीवर घेतलेली पिशवीही चुकीच्याच जागी असते. आणि घरच्यांनाच का बोलावे? स्ट्रेचरवर रुग्णाच्या पोटावर ठेवलेली पिशवी रुग्णालयांतही दिसते.

मोठ्या पिशवीत दोन लिटर लघवी मावते, म्हणजे भरली की दोन किलोंचे ओझे. ते ओढ देते ती मूत्राशयातल्या फुग्याला आणि नुकत्याच शिवलेल्या भागाला. म्हणून पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची आणि नळी मांडीला पट्टीने अशी बांधायची की थोडी ढील राहील. झोपेत किंवा भ्रमात नळी ओढली गेली तर फुगलेला फुगा मूत्रमार्ग चिरत बाहेर येतो.

जंतूंना वर चढायला दोन वाटा असतात. एक नळीच्या बाहेरून, त्वचा आणि नळी यांच्या फटीतून. दुसरी पिशवीतून नळीच्या आतल्या बाजूने. पूर्वी नळीचे टोक उघड्या बाटलीत सोडत. 1950 च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांनी दाखवून दिले, की अशा उघड्या व्यवस्थेत चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी तर 1928 मध्येच बंद व्यवस्थेचा पुरस्कार केला होता. पण ती सर्वत्र रुळायला पुढची काही दशके गेली. आजच्या बंद व्यवस्थेत लघवीत जंतू शिरण्याचे प्रमाण दिवसाला सुमारे 3 ते 7 टक्के आहे. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सर्वांच्या लघवीत ते सापडतात. बंद राखणे म्हणजे घरी काय, तर नळी आणि पिशवीचा सांधा उगाच उघडायचा नाही. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. खालची तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही.

जंतू नळीवर नुसते चिकटत नाहीत. ते स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडून थर तयार करतात. मोरीच्या कोपऱ्यात साचणारा बुळबुळीत थर असतो, तसाच. या जैवपटलात प्रतिजैविक फारसे शिरत नाही. म्हणून नळी आहे तोवर गोळ्या खात राहिल्याने नळी स्वच्छ राहत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे तगतात. लघवी गढूळ दिसली, वास आला, एवढ्यावरून प्रतिजैविक सुरू करणेही चूक. ताप, थंडी वाजणे, कमरेत किंवा ओटीपोटात दुखणे, अचानक गोंधळल्यासारखे वागणे, ही लक्षणे असतील तर तपासणी करायची. तपासणीचा नमुना पिशवीतून घेण्यात अर्थ नसतो, कारण पिशवीत तासन्‌तास जंतू वाढत असतात. त्यासाठी नळीवर नमुना घेण्याची वेगळी जागा असते. लॅबचा माणूस पिशवीची तोटी उघडून बाटली भरू लागला तर त्याला जरूर थांबवा.

काही जंतू आणखी एक उद्योग करतात. प्रोटियस नावाचा जिवाणू लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया बनवतो. लघवी अल्कधर्मी होते, तिच्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार स्फटिकरूपात नळीवर बसतात आणि नळी आतून तुंबते. दीर्घकाळ नळी असलेल्यांमध्ये कधी कधी अख्खी पिशवी जांभळी होते. घरच्यांचा थरकाप उडतो, पण रसायन मोठे गमतीचे आहे. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जिवाणू इंडोल बनवतात, यकृतात त्याचे रूप बदलते, ते लघवीत उतरते आणि नळीतले जिवाणू त्यापासून निळा इंडिगो आणि लाल इंडिरुबिन तयार करतात. निळा आणि लाल मिळून जांभळा. चंपारणच्या शेतकऱ्यांना ज्या निळीची सक्ती होती, तिच्यातले रंगद्रव्यही हेच. रंगाने इजा होत नाही, पण जंतू आहेत आणि बद्धकोष्ठताही असू शकते, हे त्यावरून कळते.

लाल रंगाचे गणित वेगळे. लिटरभर लघवीत मिलिलिटरभर रक्त मिसळले तरी रंग बदललेला दिसतो. चालल्यावर, शौचाला जोर केल्यावर लघवी गुलाबी झाली तर विश्रांती घ्यावी आणि पाणी प्यावे. गडद लाल लघवी, गुठळ्या, थांबलेला प्रवाह, हे मात्र रुग्णालयाचे काम. पिशवी सारखी भरू नये म्हणून बरेच जण पाणीच कमी पितात. लघवी दाट होते, क्षार आणि गुठळ्या साचायला सोपे जाते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, बाकीच्यांनी हात आखडू नये.

स्वच्छतेला साबण आणि पाणी पुरते. जंतुनाशक द्रावण, पावडर, मलम यांनी संसर्ग कमी होत नाही, कातडी मात्र चुरचुरते. नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसायची, स्त्रियांनी पुढून मागे. पुरुषांनी शिश्नाची पुढची कातडी मागे सारून धुवायचे आणि ती आठवणीने पुन्हा पुढे आणायची. मागेच राहिली तर सूज येते आणि ती अडकून बसते. ‘त्या जागेची स्वच्छता ठेवा’ असे मोघम सांगताना नेमके हेच वाक्य गळते. इथे संकोच रुग्णाला महागात पडतो.

शिकवले तर साधी माणसे काय करू शकतात, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतील मिशिगनचे जॅक लॅपिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये मांडले, की मूत्राशय नीट रिकामे न होणारे रुग्ण दिवसातून अनेकदा स्वतःच नळी घालून काढू शकतात, तेही निर्जंतुक हातमोज्यांशिवाय, स्वच्छ हातांनी. तोवर हे काम तज्ज्ञांचे मानले जाई. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एक परिचारिकाही होती, आणि शिकवण्याचे काम कोणाचे असते हे ठाऊक असलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

शिकवण्याची पद्धतही सोपी आहे. ‘कळलं ना?’ असे विचारले की आपल्याकडे मान हलतेच. त्याऐवजी सिस्टरने म्हणावे, ‘काकू, आता तुम्ही करून दाखवा.’ सूचना मुलगा ऐकतो आणि पिशवी रिकामी करते आई, असे अनेक घरांत होते. म्हणून जो हात हे काम करणार, तोच शिकवताना हजर हवा.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत हवी. प्रोस्टेट पूर्ण काढल्यानंतर किंवा मूत्रमार्ग जोडल्यानंतर नळी चुकून निघाली, तर जवळच्या कोणाकडून ती परत घालून घेऊ नये. नवी नळी टाके उसवून भलत्याच वाटेने जाऊ शकते. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच गाठावे.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायची घाई करण्याआधी सिस्टरसमोर एकदा स्वतः पिशवी रिकामी करून दाखवा, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा ते लिहून घ्या आणि नळी काढण्याची तारीख कार्डावर टाकून घ्या. तारीख नसलेली नळी विसरली जाते, आणि आत राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक संसर्गाचा धोका वाढत जातो.