घाटमाथ्यावरचं बंदर

चैत्र उजाडला की कार्ल्याच्या डोंगरावर समुद्र लोटतो. मुंबईच्या कोळीवाड्यांतली, उरण-पनवेल-अलिबागकडची कोळी आणि आगरी मंडळी पालख्या घेऊन, वाजतगाजत एकवीरेच्या पायऱ्या चढतात. मासेमारी करणाऱ्यांची देवी किनारा सोडून सह्याद्रीच्या माथ्यावर कशी? देवळाला खेटून जे चैत्यगृह आहे, त्यात या प्रश्नाचा एक धागा सापडतो. तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत आणि त्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. धेनुकाकटाचे यवन आहेत, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे आणि एका खांबावर सोपाऱ्याचा सातिमित आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळचं पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. तिथे आणि कल्याणला उतरलेला माल घाट चढून देशावर जायचा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटेच्या माथ्यावर आहेत.

कार्ले-लोणावळ्याच्या या मावळाला किनारा नाही, पण मावळाचा इतिहास बंदरांनीच लिहिला. लोणावळा म्हटलं की आपल्याला धबधबे, भुशी धरण आणि मक्याची कणसं आठवतात. ही ओळख अलीकडची. या गावाचा खरा धंदा खालच्या बंदराचा माल वर चढवणं आणि देशावरचा माल खाली उतरवणं हाच होता. सुरतेच्या लुटीतला ऐवजही लोहगडावर आणून ठेवला होता, असं सांगतात. बंदरातली संपत्ती घाटमाथ्यावर येण्याची ही आणखी एक तऱ्हा!

बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० मध्ये. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो त्या वर्षीच्या नोव्हेंबरात खुला केला. तोवर बैलांच्या पाठीवरून जाणारा माल आता बैलगाड्यांतून जाऊ लागला. याच रस्त्यावरचा पूल पुढे अमृतांजनच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेला. तो २०२० च्या टाळेबंदीत, रस्त्यावर गाड्या नसल्याची संधी साधून पाडला गेला.

पण घाटाचं नशीब पालटलं ते रेल्वेनं. मुंबईला देशावरचा कापूस हवा होता आणि तो बैलगाडीच्या चालीनं परवडत नव्हता. १८५६ मध्ये घाटाचं काम सुरू झालं. खालून रेल्वे खोपोलीपर्यंत आली, वरून १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा सुरू झाली. मधला चढ मात्र पाच वर्षं पालखीत, तट्टावर नाहीतर पायी. घाटात २५ बोगदे खोदले गेले. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनाही घाट पुरा झालेला पाहता आला नाही. मजूर तर हजारोंनी गेले, पटकीनं, तापानं, सुरुंगात आणि कड्यावरून पडून. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. कार्ल्याच्या खांबांवर एकेका खांबाच्या दात्याचं नाव आहे, इथे बोगदेच्या बोगदे निनावी. २१ एप्रिल १८६३ ला घाटमार्ग सुरू झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता.

चढ इतका अवघड की मधे एका ठिकाणी गाडी थांबवून इंजिन मागच्या टोकाला लावावं लागे. ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ १९२९ मध्ये बंद झालं, पण चढ तिथेच आहे. आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडी या ठिकाणी ब्रेक नीट लागतात की नाही हे दाखवल्याशिवाय गाडीला पुढे जाता येत नाही. लोणावळ्याची चिक्कीसुद्धा आधी रेल्वेच्या मजुरांना विकली जाणारी गूळदाणी होती, असं म्हणतात. तसं असेल तर पर्यटकांच्या पिशवीतली ही वस्तू मुळात कामगारांची न्याहारी आहे.

घाटानं पुढे वीजही खाली पाठवली. इथे वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव बांधले आणि पाणी नळांतून पाचशे मीटरहून खाली खोपोलीला सोडलं. १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पूर्वेला भीमेकडे जाणारं इंद्रायणीचं हे पाणी त्या दिवसापासून पश्चिमेला वळलं, ते पाताळगंगेत उतरतं आणि तिकडचे कारखाने ते वापरतात. याच धर्तीवर मुळशीला धरण होऊ लागलं, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. २०११ मध्ये पवनेचं पाणी बंद नळातून नेण्याविरुद्ध द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा जीव गेला. मावळानं दिलं ते पाणी, आणि भांडण झालं तेही पाण्यावरूनच.

नौदलालासुद्धा ही जागा सापडली. १५ फेब्रुवारी १९४५ पासून कुरवंड्याजवळ ‘शिवाजी’ हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नाव जहाजाचं, शिस्त जहाजाची, पण पाणी पावसाचंच! जहाजांची इंजिनं चालवणारे नौसैनिक आणि अभियंते समुद्रापासून दूर, या डोंगरात शिकतात.

आज बंदराचं काम लोणावळ्याहून तळेगावाकडे सरकलं आहे. तळेगावला उद्योग नवा नाही. लोकमान्य टिळकांच्या पाठबळानं, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना इथेच उभा राहिला. आता एमआयडीसीच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग असते. तळेगावात कोरडं बंदर आहे, म्हणजे मालाची सीमाशुल्क तपासणी इथेच होऊन पेटी सीलबंद न्हावा-शेव्याला जाते. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरपर्यंत फक्त परदेशी पाठवण्यासाठी गाड्या बनवत राहिला. पुढे तो ह्युंदाईनं घेतला. बंदर जवळ नसतं तर हे चाललं नसतं. वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ मध्ये इथे येता येता गुजरातेत गेला, त्याचं राजकारण झालं. पण जमीन देणाऱ्या गावांना नोकऱ्या किती आणि कशा मिळाल्या, हा प्रश्न मात्र कोणत्याही सभेत फारसा विचारला गेला नाही.

लोणावळ्याला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. सकाळी कार्ल्याला चढा, खांबांवरचे लेख पाहा, मग स्टेशनवर येऊन मुंबईहून आलेल्या मालगाडीचे बँकर सुटताना बघा. एवढं केलंत तर भुशी धरण राहिलं तरी चालेल.