पॉइंटवर फुकट विमान? आधी हा हिशोब बघा

"सर, पॉइंटवर खरंच फुकट जाता येतं का?" येतं की. पण हिशोब बघा.

समजा, दुकानाचा खर्च महिन्याला ४०,००० कार्डावर टाकता. १०० रुपयांना २ पॉइंट धरले तर महिन्याला ८००, वर्षाला ९,६००. कॅटलॉगमधल्या वस्तूंना पॉइंटमागे २५ पैसे पडले तर हातात २,४००. तेच विमान तिकिटाला रुपया पडला तर ९,६००. मी पहिल्या वर्षी मिक्सर घेऊन बसलो, काय सांगू! आणि पेट्रोल, भाडं, वॉलेट यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत.

खरी गोम पुढे आहे. ते ४०,००० एक महिना थकले, तर महिना साडेतीन टक्क्यांनी १,४०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५२. दोन महिन्यांचे पॉइंट एका झटक्यात साफ! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

गिऱ्हाईक उधारी देईल मग बिल भरू, असं म्हणून कार्ड घासू नका. मी कार्डाने माल घेतला की तेवढी रक्कम गल्ल्यातून रोज थोडी थोडी वेगळ्या खात्यात टाकतो, आणि पूर्ण बिलाचं ऑटोपे लावून ठेवलंय. 'मिनिमम ड्यू'चं नाही हं, पूर्ण बिलाचं.