हिरवा कोरल हवा? मग दिवा निळा बघा

खाऱ्या पाण्याचा छोटा फिशटँक घरी लावायचा म्हटला की पहिली चूक दिव्यात होते. साधी पांढरी ट्यूब लावली की हिरवा कोरल मळकट दिसतो आणि दुकानदाराने फसवले असे वाटते. मुळात कोरलच्या अंगातली काही प्रथिने निळा उजेड शोषतात आणि हिरवा बाहेर टाकतात. निळाच नसेल तर हिरवा चमकणार कुठून?

त्यामुळे 420 ते 460 नॅनोमीटरचा निळा, सोबत थोडा पांढरा, आणि कमी-जास्त करता येणारा एलईडी घ्यावा. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ असते. ते उजेडावर अन्न बनवते, त्यावर कोरल जगतो. पण एकदम जास्त उजेड पडला तर शेवाळ निघून जाते, कोरल पांढरा पडतो. हौसेपोटी पहिल्याच दिवशी दिवा फुल्ल करू नये. मंद ठेवून दोन-तीन आठवड्यांत वाढवावा. रोज आठ-नऊ तास पुरे. पन्नास-साठ लिटरच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात लवकर तापते, उडतेही. उडालेल्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानेच करायची, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते.

नवख्यांनी हिरवा मश्रूम कोरल घ्यावा, तो सोशिक. झोअँथिड देखणे, पण काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हातमोज्यांशिवाय हात लावू नये. दगडासारख्या सांगाड्याचे कोरल मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण किंवा गोव्याच्या समुद्रातून तुकडा काढून आणणे हा गुन्हा आहे.