वडिलांची मिळकत आणि मुलांची कमाई

मोठेपणीची कमाई ज्याच्या त्याच्या कर्तृत्वावर ठरते असा समज जगभर आढळत असला, तरी तिच्यावर बालपणीच्या घरच्या उत्पन्नाची छाप किती राहते, हे देशागणिक बदलते. ही छाप मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ ‘पिढीगत उत्पन्न-लवचिकता’ वापरतात. वडिलांच्या मिळकतींमधील तफावतीचा किती हिस्सा पुढे मुलांच्या मिळकतींत टिकून राहतो, हे हा आकडा सांगतो. माइल्स कोराक यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या तुलनेनुसार तो डेन्मार्कमध्ये सुमारे ०.१५, तर अमेरिकेत ०.४७ आहे, म्हणजे स्वबळावर वर येण्याचा गौरव जिथे सर्वाधिक होतो त्या देशातच जवळजवळ निम्मी तफावत वारशाने पुढे जाते.

अमेरिकेचा हा आकडा पूर्वी बराच कमी, सुमारे ०.२, मानला जाई, कारण वडिलांचे एखाद्याच वर्षाचे उत्पन्न हिशेबात धरले जात असे आणि नोकरी सुटणे, आजारपण यांसारख्या चढउतारांमुळे ते फसवे ठरे. गॅरी सोलन यांनी १९९२ मध्ये अनेक वर्षांची सरासरी घेतली, तेव्हा तो ०.४ किंवा त्याहून अधिक निघाला.

डेन्मार्कचे यश मात्र सरसकट शाळांच्या खाती जमा करता येत नाही. रास्मुस लँडर्सो आणि जेम्स हेकमन यांनी दाखवून दिले की, आईवडिलांच्या शिक्षणाचा मुलांच्या शिक्षणावरील प्रभाव मोफत विद्यापीठे असूनही तेथे अमेरिकेइतकाच दिसतो; उत्पन्नातील अंतर मिटते ते प्रामुख्याने कर, सरकारी साहाय्य आणि कमी-अधिक शिकलेल्यांच्या वेतनातील मर्यादित फरक यांमुळे.

तरीही एक प्रश्न उरतोच: परिणाम पैशाचा, की पैशाबरोबर घरात असलेल्या इतर गोष्टींचा? २०१४ मधील एका स्वीडिश अभ्यासात सख्ख्या भावंडांची परस्परांशी तुलना केल्यावर कौटुंबिक उत्पन्न आणि पुढील हिंसक गुन्हे यांचा संबंध उरला नाही. याउलट, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात चेरोकी आदिवासींनी १९९७ मध्ये कॅसिनो सुरू करून नफ्याचा वाटा जमातीतील प्रत्येक प्रौढाला सारखा द्यायला सुरुवात केली, तेव्हा संशोधकांना जणू आयताच प्रयोग लाभला, कारण ही रक्कम कोणाच्याही गुणांवर किंवा कष्टांवर अवलंबून नव्हती आणि त्या परिसरातील मुलांची पाहणी १९९३ पासूनच चालू होती. सर्वांत गरीब घरांत वर्षाला सुमारे ४,००० डॉलर जास्त आले आणि तेथील मुले एकविसाव्या वर्षापर्यंत सुमारे एक वर्ष अधिक शिकली. गरिबीतून बाहेर पडलेल्या घरांतील मुलांचा आडदांडपणा घटला आणि त्यामागे पालकांना मुलांकडे लक्ष द्यायला अधिक सवड मिळाल्याचे आढळले, परंतु चिंता आणि नैराश्य यांत त्या काळात फारसा फरक पडला नाही.