ऑस्टिओपॅथी म्हणजे नेमकं काय? पहिल्या भेटीत काय होतं, कुणी सावध राहावं?

पाठ, मान किंवा सांधे दुखू लागले की ब्रिटनमध्ये अनेक जण ऑस्टिओपॅथकडे जातात. तिथे हाताने स्नायू दाबून, ताणून आणि सांधे हलवून उपचार होतात. अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ही पद्धत मांडली.

हे डॉक्टर असतात का?
अमेरिकेत ‘डीओ’ पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात. औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथे १९९३ च्या कायद्यानुसार ऑस्टिओपॅथना नोंदणी मात्र सक्तीची आहे.

पहिल्या भेटीत काय होतं?
आधी जुने आजार आणि सुरू असलेली औषधं विचारली जातात. मग वाकायला, वळायला सांगतात. उपचार करताना सांध्यातून ‘कट’ असा आवाज येऊ शकतो. नंतर एक-दोन दिवस अंग दुखू शकतं.

उपयोग किती?
कंबरदुखीत, व्यायामाच्या जोडीने काहींना आराम पडतो. दम्यासारख्या आजारांसाठी पुरेसा पुरावा नाही.

कुणी सावध राहावं?
हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर थेट रुग्णालय गाठा.